परिषदेचे यजमानपद

वैद्यकीय परिषद म्हटली की मुंबई-पुण्याची मोठी हॉटेले डोळ्यांसमोर येतात. कृष्णा-कोयनेच्या संगमाकाठच्या आमच्या कराडात, एका मंगल कार्यालयात, आम्ही काही डॉक्टरांनी मेंदूविषयी एक दिवसाची परिषद भरवायचे ठरवले तेव्हा अनेकांना नवल वाटले. विषयही नेहमीचा नव्हता. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांवरची व्याख्याने आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. या वेळी विषय होता मेंदूचे सामाजिक आणि भावनिक जीवन. माणसाला माणूस कसा ओळखतो, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग किंवा माया मेंदूला कशी कळते, आणि वार्धक्यात स्मृती ढासळू लागली म्हणजे यातले काय जाते व काय उरते, हे समजून घ्यायचे होते.

या विषयाचा आग्रह माझा होता. मी साधी एम.बी.बी.एस. डॉक्टर. गेली अठ्ठावीस वर्षे एकाच आळीत दवाखाना चालवते आहे. माझ्याकडे वयस्क रुग्णांना घेऊन येणारी मुले-सुना विसराळूपणाची तक्रार सांगतात. पण थोडे बसून ऐकले की कळते, त्यांचे खरे दुःख निराळेच असते. "बाबा पूर्वीचे राहिले नाहीत हो", "आई आता आमच्याकडे परक्यासारखी बघते", असे ते शेवटी, खुर्चीवरून उठता उठता सांगतात. भारतात साठी ओलांडलेल्या शंभर व्यक्तींपैकी सुमारे सात जणांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. इतक्या घरांत हे दुःख मुक्कामाला असताना आम्हा फॅमिली डॉक्टरांना त्याविषयी फारसे बोलता येत नाही, ही माझी खंत होती.

आग्रह माझा, म्हणून यजमानपदही माझ्याच गळ्यात पडले. व्याख्यात्यांचा प्रवास, त्यांची उतरण्याची सोय, नावांच्या पट्ट्या, प्रोजेक्टर, वीज गेल्यास जनरेटर, सकाळच्या पोह्यांपासून दुपारच्या जेवणापर्यंतचा बेत. शेवटचा एक तास मी मुद्दाम रुग्णांच्या घरच्या मंडळींसाठी राखून ठेवला होता. डॉक्टरांच्या परिषदेत त्यांचे काय काम, असे काहींचे मत पडले. पण मी ऐकले नाही.

आणि याच दिवसांत आमच्या घरात आई होत्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी. तीन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर असल्याचे निदान झाले होते. घरातल्या सर्वांच्या संमतीने मी हे लिहिते आहे. माझे सासरे शाळेत मुख्याध्यापक होते आणि त्या काळी आमचे घर म्हणजे जणू गावाची धर्मशाळा होती. परीक्षेला आलेली खेड्यांतली मुले, शाळा तपासायला आलेले अधिकारी, देवदर्शनाला निघालेले नातलग, सगळे आमच्याकडे उतरत. आईंनी कधी कोणाला जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. यजमानपण म्हणजे काय, हे मी लग्नानंतर त्यांच्याकडूनच शिकले.

परिषदेच्या दिवशी पहाटे पाचपासून माझा फोन वाजत होता. माझे पती पाहुण्यांना आणायला रेल्वे स्थानकावर गेले होते. आई देवघरासमोरच्या खुर्चीत बसून माझी धावपळ पाहत होत्या.

"अगं, आज कोण येणार आहे?" त्यांनी विचारले.

"पाहुणे यायचेत आई, दवाखान्याचे," मी सांगितले.

दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, मग पुन्हा. सहा वेळा मी उत्तर दिले. सातव्या वेळी मी फोनवर आचाऱ्याशी बोलत होते, चाळीस माणसे वाढल्याचे त्याला सांगत होते. आईंनी माझा पदर धरून विचारले, "अगं, कोण येणार आहे आज?" आणि मी ओरडले. "किती वेळा सांगायचं आई तुम्हाला? जरा गप्प बसा ना!"

त्यांनी पदर सोडला. हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने झाकला. मी त्यांच्याकडे पाहिले, पाहिले न पाहिले असे केले, आणि बाहेर पडले. जाताना मनाची समजूत घातली ती अशी : पाच मिनिटांत विसरतील. डॉक्टर असल्यामुळे ही समजूत मला शास्त्रीयही वाटली.

परिषद वेळेवर सुरू झाली. पहिल्या व्याख्यानात पुण्याहून आलेल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी १८४८ सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात लोहमार्गासाठी सुरुंग लावण्याचे काम चालू असताना फिनिअस गेज या तरुण मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार कवटीच्या वरून बाहेर पडली. तो वाचला. चालू-बोलू लागला. परंतु त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर हार्लो यांनी नोंदवून ठेवले की, पूर्वीचा समंजस, जबाबदार माणूस आता उद्धट आणि लहरी झाला होता. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला की स्मृती आणि वाचा शाबूत राहूनही माणसाचे वागणे बदलू शकते, हे वैद्यकाला या अपघाताने दाखवले. या गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. गेज नंतर दक्षिण अमेरिकेतील चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम करत होता. म्हणजे ठरलेला दिनक्रम आणि नेमून दिलेले काम यांच्या आधाराने तो बराच सावरला असावा, असे आज मानले जाते.

काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात हाच पुढचा भाग आधी झिजतो. मग आयुष्यभर सौजन्याने वागलेले गृहस्थ चारचौघांत अपशब्द बोलू लागतात, आणि घरच्यांना वाटते, म्हातारपणी यांचे खरे रूप बाहेर आले. ते खरे रूप नसते, तो आजार असतो. सभागृहात बसलेल्या आम्हा डॉक्टरांपैकी कितीजणांनी अशा घरांना हे वेळीच सांगितले होते, कोण जाणे. मी तरी सर्वांना सांगितलेले नव्हते.

दुसऱ्या व्याख्यानाची सुरुवात एका परिषदेनेच झाली. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी जर्मनीतील ट्युबिंगेन येथे मनोविकारतज्ज्ञांची एक सभा भरली होती. तिथे आलॉइस अल्झायमर यांनी फ्रँकफर्टच्या एका स्त्री रुग्णाची हकिकत आणि तिच्या मेंदूत आढळलेले बदल मांडले. आज जगभर ज्या आजाराला त्यांचे नाव आहे, त्याचे ते पहिले वर्णन. व्याख्यान संपल्यावर अध्यक्षांनी चर्चेसाठी वेळ दिला, पण एकाही श्रोत्याने प्रश्न विचारला नाही. सभा पुढच्या विषयाकडे वळली.

त्यानंतर व्याख्यात्या बाईंनी जिनिव्हाचे डॉक्टर क्लापारेद यांचा १९११ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीला नव्या गोष्टी मुळीच लक्षात राहत नसत. रोज भेटणाऱ्या डॉक्टरांनाही ती ओळखत नसे. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. टोचल्याचे ती थोड्याच वेळात विसरली. पण पुढे त्यांनी पुन्हा हात पुढे केला, तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. घडलेला प्रसंग साठवण्याचे काम मुख्यतः हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. त्या प्रसंगातल्या भीतीची नोंद ठेवण्यात त्याच्या शेजारच्या, बदामाएवढ्या अमिग्डलाचा वाटा मोठा असतो. एक दुबळा झाला तरी दुसरा काम करत राहू शकतो.

मग त्या अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाकडे आल्या. अल्झायमर असलेल्या १७ जणांना आणि तितक्याच निरोगी व्यक्तींना आधी दुःखी आणि नंतर आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने विचारले तेव्हा रुग्णांना चित्रफितीतले फारच थोडे आठवत होते. काहींना तर आपण काही पाहिले, हेच आठवत नव्हते. पण मनातले दुःख किंवा आनंद पुढे अर्ध्या तासापर्यंत टिकून असल्याचे दिसले. ज्यांना सर्वांत कमी आठवत होते, त्यांचे दुःख उलट अधिक काळ रेंगाळले. वाईट का वाटते आहे हे माहीत असेल तर माणूस स्वतःची समजूत घालू शकतो. कारणच हरवले, तर समजूत घालायची कशाची?

मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ उभी होते. यजमानाची जागा तीच. हातात जेवणाच्या कूपनांचे पुडके होते. माझ्या डोळ्यांसमोर आईंचा तो मांडीवर घेतलेला, दुसऱ्या हाताने झाकलेला हात आला.

साडेबारा वाजता घरून फोन आला. दिवसा आईंजवळ थांबणाऱ्या मावशी सांगत होत्या, "ताई, आई जेवत नाहीयेत. सकाळपासून नुसत्या बसून आहेत. काय झालं विचारलं तर म्हणतात, काही नाही. पण डोळ्यांत पाणी आहे."

पाहुण्यांची पंगत नुकतीच बसली होती. मी सहकाऱ्याला सांगून स्कूटर काढली.

आता डॉक्टर म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तो अभ्यास लहान होता, आणि चित्रफितीतले दुःख हे घरातल्या दुःखासारखे नसते. आईंच्या सकाळपासूनच्या उदासीला माझे ओरडणेच कारण होते, असे मला सिद्ध करता येणार नाही. घरी पोचल्यावर मी आधी त्यांचा ताप पाहिला, नाडी पाहिली, कुठे दुखते का, लघवीला जळजळ होते का, हे विचारले. तशी काही खूण नव्हती.

मग त्यांची क्षमा मागायची म्हणून मी समोर बसले आणि शब्दच सापडेनात. "सकाळी मी ओरडले" म्हणावे, तर ती सकाळ त्यांच्याजवळ नव्हतीच. ती आठवून द्यायची म्हणजे तोच घाव नव्याने घालायचा. ज्या प्रसंगाची क्षमा मागायची तो फक्त माझ्याजवळ उरला होता. त्यांच्याजवळ उरले होते ते केवळ वाईट वाटणे. मी त्यांचा हात हातात घेतला. बराच वेळ काही बोलले नाही. मग म्हटले, "आई, घरी पाहुणे यायचेत. मला एकटीला सुधरेना. तुम्ही येता का मदतीला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "किती पानं आहेत?"

"दीडशे."

"मग अशी बसलीस काय?" म्हणून त्या उठल्या. आमटी-भाताचे चार घास खाल्ले आणि कपाटातून आपले इरकली लुगडे काढायला सांगितले.

शेवटचा तास रुग्णांच्या घरच्यांचा होता. ट्युबिंगेनला प्रश्न विचारला गेला नव्हता. इथे सुरुवातीची दहा मिनिटे तसेच झाले. मग मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. त्यांचे वडील दुसऱ्या गावी भावाकडे होते. "दर रविवारी एसटीने दोन तास प्रवास करून मी त्यांना भेटायला जाते," त्या म्हणाल्या. "मी दाराबाहेर पडले की ते मी आल्याचं विसरतात. भाऊ म्हणतो, कशाला येतेस? डॉक्टर, माझ्या जाण्याचा काही उपयोग होतो का?"

सभागृह शांत झाले. व्याख्यात्या बाई व्यासपीठावरून खाली उतरल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बोलल्या. भेट विसरली तरी भेटीने आलेले समाधान काही काळ तरी राहत असावे, हे त्यांनी साध्या शब्दांत समजावले. "त्यांची संध्याकाळ कशी जाते, ते भावाला विचारून बघा," असेही सुचवले. त्यानंतर प्रश्न थांबेनात. एका आजोबांनी विचारले, पत्नी मला परका पुरुष समजून खोलीत येऊ देत नाही, मी काय करू? चेहरा ओळखणे आणि त्या चेहऱ्याबद्दल आपलेपणा वाटणे ही मेंदूतली दोन वेगळी कामे आहेत, दुसरे बिघडले की आपलेच माणूस तोतया वाटू लागते, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कोणी सांगितले. हुज्जत न घालता थोडे बाहेर थांबून, आवाज देऊन मग आत जाण्याचा सल्ला मिळाला. चेहऱ्याने न पटलेली ओळख कित्येकदा आवाजाने पटते.

आई पहिल्या रांगेत माझ्या पतींशेजारी बसल्या होत्या. व्याख्यानातले त्यांना काही कळत नसावे. पण सभा संपून चहा सुरू झाला, तशा त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक पाहुण्याला नमस्कार करत होत्या. पुण्याच्या तज्ज्ञांना त्यांनी विचारले, "प्रवासात त्रास नाही ना झाला? जेवल्याशिवाय जायचं नाही हं." दोन मिनिटांनी त्यांनाच पुन्हा तेच विचारले. तज्ज्ञांनी दोन्ही वेळा तितक्याच आदराने सांगितले, "जेवलो आजी, फार छान होतं." दिवसभर मी धावत होते, पण ज्याला आदरातिथ्य म्हणतात ते त्या अर्ध्या तासात आईंनी केले. आगतस्वागताची ही जुनी वळणे बरीच उशिरापर्यंत टिकतात, हे मी पुस्तकात वाचले होते. आमच्याच घरी मात्र त्यांना वाव द्यायचे मी विसरून गेले होते.

त्या दिवसापासून मी जे पाळू लागले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते.

एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला, तर त्यामागची काळजी शोधावी. "कोण येणार आहे?" यामागे बहुधा "मला काही काम आहे का? मी एकटी तर पडणार नाही ना?" हे असते. आम्ही देवघराजवळ एक पाटी टांगली. तिच्यावर रोज वार, जेवणाची वेळ आणि येणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहितो. मेथी निवडणे, वाती वळणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशी कामे आईंना देतो; ती नीट झाली नाहीत तरी चालते. "ओळखा बघू मी कोण?" अशी परीक्षा आमच्या घरात कोणी घेत नाही. "आई, मी तुमची सून" असे म्हणूनच मी खोलीत जाते. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी, त्या तिथे नसल्यासारखे, आम्ही बोलत नाही. आपल्याला कोणी खेळातून वगळले की मेंदूत दुखण्याशी निगडित असलेले काही भाग जागे होतात, असे २००३ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात आढळले होते. त्याच्या अर्थाविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण पंगतीतून वगळलेल्या माणसाचा चेहरा पाहायला यंत्र लागत नाही.

ऐकू कमी येते का, हे आवर्जून तपासून घ्यावे. कधी कानातला मळ काढल्यानेही माणूस पुन्हा बोलू-ऐकू लागतो. ऐकू न येणे, कमी दिसणे आणि एकाकीपणा ही तिन्ही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी आणि टाळता येण्याजोगी कारणे आहेत, असे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली नमूद केले आहे. तसेच, एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, झोपाळूपणा आला, भलतेसलते दिसू लागले, तर ते वयावर किंवा जुन्या आजारावर ढकलू नये. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, बद्धकोष्ठ, एखादे नवे औषध, डोक्याला लागलेला मार यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तुम्हाला राग येईल. मला अजून येतो. तो येऊ लागला की मी खोलीबाहेर जाऊन पाणी पिते आणि मगच परत येते. एकदा ओरडलो म्हणून सगळे संपत नाही. वाईट भावना जशी रेंगाळते, तशी चांगलीही रेंगाळते. नंतर जवळ बसलेला अर्धा तास वाया जात नाही. आठवड्यातून निदान एक दुपार ही जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे सोपवून तुम्ही विश्रांती घ्या. बोलायला कोणीच नसेल, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही शासनाची मदतवाहिनी विनामूल्य आहे.

परिषदेचा हिशेब नंतर जुळला. आचाऱ्याचे चारशे रुपये तेवढे मी पदरचे दिले. एसटीने वडिलांकडे जाणाऱ्या त्या बाई पुढे महिनाभराने दवाखान्यात येऊन गेल्या. भावाला विचारले होते. रविवारी संध्याकाळी बाबा न सांगता जेवतात, एवढे त्याने सांगितले होते.

आईंची स्मृती अर्थातच परतलेली नाही. आता त्यांना माझे नाव सांगता येत नाही. कधी मला बाई म्हणतात, कधी धाकट्या बहिणीचे नाव घेऊन हाक मारतात. काल संध्याकाळी दवाखान्यातून घरी आले, तेव्हा त्या त्याच खुर्चीत बसल्या होत्या. मी चपला काढून जवळ गेले. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि ओळख न पटताच शेजारच्या खुर्चीवरचे वर्तमानपत्र बाजूला सारले.

"बस," त्या म्हणाल्या. "दमलेली दिसतेस. जेवलीस का?"